पावशेर शेंगदाण्यांची पुडी

पेठेत किराणा दुकान चालवणाऱ्या आबांच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, त्यामुळे अधू झाली ती डावी बाजू. दवाखान्यातून घरी सोडल्यावर काही आठवड्यांनी मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून त्या कामांतूनच उपचार करणारी. तोवर फिजिओथेरपीने आबा काठी घेऊन चालायला लागले होते. डावा हात खांद्यातून थोडा उचलायचे, कोपर वाकवायचे, मूठही वळायची. पण वळलेली मूठ मनासारखी उघडायची नाही. मुलगा म्हणाला, "मॅडम, मशीन लावा, करंट द्या, काय लागंल ते करा. बोटं मोकळी झाली पायजेत." आबांना स्वतःला काहीच नको होतं. "माझ्या हाताला काय धाड भरलीय? दुकानात जाऊ द्या मला," एवढंच ते म्हणत होते.

ते हट्ट करत नव्हते. मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही जणांचं डावीकडचं लक्षच उठून जातं. नजर शाबूत असते, तरी डावीकडची वस्तू असून नसल्यासारखी होते. त्यातल्या काहींना आपल्याला काही झालंय हेच जाणवत नाही. आबांच्या डाव्या गालावरची दाढी तशीच राहिलेली होती. ताट वाढलं की उजवीकडची भाजी-आमटी संपायची आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर जागची हलायची नाही. सूनबाईंना वाटत होतं की आबांच्या तोंडाची चव गेलीय. मी कागदभर बारीक रेघा काढून प्रत्येकीवर फुली मारायला सांगितली. उजवीकडच्या तेवढ्यांवर फुल्या मारून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि "झालं" म्हणाले. मग मी दुकानातली उधारीची वही मागवून घेतली. एका नावापुढे २४० लिहिलेले होते. आबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "चाळीस." मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. बोटांचा प्रश्न आहे तेवढाच नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

उद्दिष्ट ठरवायला मी कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर ही पद्धत वापरते. अडलेली कामं माणसाने स्वतः सांगायची. काम किती महत्त्वाचं, आपल्याला ते किती जमतं आणि जे जमतं त्यावर आपण किती समाधानी, याला एक ते दहामध्ये गुण द्यायचे. आबांनी एकच काम सांगितलं: दुकान. महत्त्व दहा. आणि जमतं किती? नऊ. मी नऊ लिहून घेतले, वाद घातला नाही. ज्याला स्वतःची उणीव जाणवतच नाही त्याला ती तोंडावर सांगितली की तो चिडतो नाहीतर गप्प बसतो, आणि दोन्हींत उपचार अडतो. मला दुकान हाती लागलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

भोकांच्या फळीत खुंट्या बसवणं, प्लास्टिकचे शंकू एकावर एक रचणं, ही साधनं माझ्याकडेही आहेत. एखादी सुटी हालचाल तयार करायची असेल तेव्हा ती कामाला येतात. पण खुंट्या बसवायचा सराव केला की माणूस मुख्यतः खुंट्या बसवण्यात तरबेज होतो. मेंदू जे करतो तेच शिकतो, आणि ते अनेकदा, मन लावून करावं लागतं. साठी ओलांडलेला, आयुष्यभर गिऱ्हाइकाशी बोलत आलेला माणूस खुंट्यांत मन लावेल तरी किती? शिवाय खुंटी चुकली तर ते मलाच सांगावं लागतं. आबांना चूक कामातूनच कळायला हवी होती, कारण माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसण्यासारखी त्यांच्या मेंदूची स्थितीच नव्हती.

म्हणून मी दुकान बघायला गेले. गल्ला आबांच्या बैठकीच्या उजव्या हाताला, डाळी-कडधान्यांचे डबे समोर आणि डावीकडे, वजनकाटा मधोमध. डोक्यावर टांगलेल्या डब्यातून पांढरा दोरा खाली लोंबत होता. मुलाने बराचसा माल पाकीटबंद ठेवायला सुरुवात केली होती, पण २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर सुटा माल कागदात बांधून देणं पुन्हा वाढलं होतं, आणि पुडी बांधावी तर आबांनीच, हे अख्ख्या पेठेला माहीत होतं. मी मुलाला पावशेर शेंगदाण्यांची पुडी बांधायला सांगितली आणि वही काढून बसले. तो बांधत असताना खुर्चीवरून आबा म्हणाले, "आसं न्हाई. कोपरा आत घे आधी, मग दुमड." कामाची सगळी अक्कल डोक्यात जशीच्या तशी होती. मी तिथेच ठरवलं की पुडीच घ्यायची.

आमच्या वेळच्या साडेचार वर्षांच्या पदवीत आमच्याकडून सगळ्यात जास्त वेळा करून घेतलेली गोष्ट म्हणजे कामाचं विश्लेषण. साधं काम घ्यायचं आणि ते करताना शरीर, इंद्रियं, लक्ष, स्मरण, मन यांतलं काय काय लागतं ते फोडून मांडायचं. पुडीचं मांडायला बसले तर वहीची तीन पानं भरली. कागद सपाट पसरायचा. वजन करून माल मधोमध ओतायचा. जवळची आणि लांबची कड वर आणून जुळवायची, दोन्ही मिळून एक दुमड, दुसरी दुमड, मालाला घट्ट बसेपर्यंत. मग उजवं तोंड: कोपरे आत, त्रिकोण, खाली दुमड. मग डावं तोंड तसंच. हे करताना दुसऱ्या हाताने उघडं तोंड दाबून धरायचं, नाहीतर माल सांडतो. मग दोरा आडवा, दोरा उभा, बोटाला वेढा आणि हिसका. दोन्ही हात लागतात, पण सारखे नाहीत: एक धरतो, एक करतो. आबा उजव्या हाताचे, त्यामुळे डाव्याकडे धरण्याचं काम येतं, आणि अधू हाताकडून पहिल्यांदा मागावं ते हेच. शिवाय पुडीला डावं तोंड असतं. ते बंद केल्याशिवाय पुडी होत नाही. डावीकडे बघायला लावणारं इतकं चांगलं काम मी मुद्दाम शोधायला गेले असते तरी मिळालं नसतं.

आता खरी मेहनत. काम निवडलं म्हणून तो उपचार होत नाही. त्याच्या पायऱ्या पाडाव्या लागतात, ज्याला आम्ही ग्रेडिंग म्हणतो. पायरी अशी हवी की माणसाला तिच्यासाठी झटावं लागेल, पण ती त्याच्या आवाक्यात असेल. फार सोपी असली तर मेंदूला शिकायला काही उरत नाही. फार अवघड असली तर माणूस अंग वाकवून, खांदा कानाला लावून, श्वास कोंडून कसंबसं करतो, हात आणखी कडक होतो आणि चुकीची हालचाल पक्की होते.

पुडीत बदलता येण्यासारखं खूप होतं. माल: शेंगदाणे जागेवर राहतात, साखर वाहते, मोहरी पळते. कागद: जाड खाकी कागद आकार धरतो, वर्तमानपत्र लगेच चुरगळतं आणि फाटतं. बसून की उभं राहून, कोपराला टेकू देऊन की न देता. सामान उजवीकडे, समोर की डावीकडे. माझी मदत हाताला हात लावून, बोलून, नुसत्या खुणेने की अजिबात नाही. शांत खोलीत की दुकानाच्या गलक्यात. एक जिन्नस की यादी. या सगळ्यांतलं एका वेळी एकच अवघड करायचं, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि माणूस अडखळला, तर कशाने अडखळला ते कळत नाही. आणि एक गोष्ट चढवताना दुसरी थोडी उतरवावी लागते. उभं राहायला सांगितलं की साखर काढून पुन्हा शेंगदाणे द्यायचे. बघणाऱ्याला वाटतं मागे गेलो, पण तोल सांभाळण्यात जे लक्ष खर्च होणार आहे ते कुठून तरी मोकळं करावंच लागतं.

पहिली पायरी माझ्या टेबलाशी, बसून. टेबलाची उंची अशी की कोपरापासून पुढचा हात पूर्ण टेकलेला राहील. अशा बऱ्याच रुग्णांचा खांदा सांध्यातून निसटायला आलेला असतो, तो लोंबत ठेवायचा नाही की कुणी ओढायचा नाही. आधी तळवा टेबलावर सपाट ठेवून त्यावर हळूहळू भार द्यायचा, म्हणजे बोटांतला ताठरपणा जरा सैल पडतो. मग तोच तळवा जाड कागदाच्या कडेवर. बाकी सगळी पुडी मी बांधायची आणि शेवटचा दोऱ्याचा हिसका आबांनी उजव्या हाताने मारायचा. काम शेवटाकडून शिकवायची ही पद्धत मला फार आवडते, कारण पहिल्याच दिवशी काम पुरं होतं आणि ते माणसाच्या हातून होतं. हळूहळू मी एकेक टप्पा सोडत गेले: दोऱ्याचे वेढे त्यांचे, मग उजवं तोंड, मग दुमड. डाव्या हाताचं काम या सगळ्या काळात एकच होतं. वजन बनून बसायचं. त्या हाताला काम आहे, हे त्याला आणि आबांना दोघांनाही रोज कळत होतं.

मुलाने याच सुमारास विचारलं, "पुड्याच बांधायच्या तर घरी बांधतील की. हिथं पैसे कशाला द्यायचे?" मला राग आला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला जे दिसतं ते तो बोलला. मी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, कागद आज उजवीकडे का ठेवलाय, काल जाड होता आणि आज पातळ का, स्टूल एवढ्याच उंचीचं का? प्रत्येकाचं कारण सांगितलं. मोटार किंवा बल्ब नसलेल्या गोष्टीला उपचार मानायला लोक तयार होत नाहीत, आणि काही ठिकाणी आमचीच माणसं सगळ्यांच्या पुढ्यात एकच फळी ठेवून मोकळी होतात, त्यामुळे हा समज घट्ट होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मूळच्या अमेरिकन आणि लग्न करून इथल्या झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढली. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे त्यांचं नाव आमच्या जिल्ह्यात घेतलं जातं, पण त्यांनी काय उभं केलं ते फार थोड्यांना ठाऊक आहे. मी त्या मुलाला तेही सांगितलं.

दुसरी पायरी चिमटीची. मूठ वळायला लागल्यावर चिमटी परतताना बऱ्याच जणांत आधी येते ती अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यातली पकड, आपण किल्ली धरतो तशी. कागदाची कड धरायला नेमकी हीच लागते. आबांची पकड आली, चांगली घट्ट आली. सुटत मात्र नव्हती. उजव्या हाताने दुमड घालून झाली, आता डाव्याने कड सोडायची, तर अंगठा हलेना. जितका जोर लावावा तितकी चिमूट आवळायची आणि कागद टर्रकन फाटायचा. आबा कपाळाला आठ्या घालून त्या हाताकडे बघायचे. "सोड की," हाताला म्हणायचे.

सोडणं हे धरण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि तिथे जोर लावून काही साधत नाही. बोटं मिटणारे स्नायू मनगटावरून जातात, त्यामुळे मनगट खाली झुकलं की त्यांचा ताण कमी होतो आणि बोटं थोडी आपोआप उघडतात. मी पुडी टेबलाच्या डाव्या कडेशी आणली, हात कोपरापासून टेकलेला, मनगट कडेच्या बाहेर. धरताना मनगट वर, सोडताना खाली. "हात खाली पडू द्या आबा, सोडू नका, नुसता पडू द्या." हात पडला, अंगठा अर्धा इंच उघडला, कागद सुटला. फाटला नाही. पुढे पुडी थोडी थोडी आत सरकवत नेली, म्हणजे मनगट कमी झुकवून सोडावं लागेल. शेवटी सपाट टेबलावर, मनगट सरळ ठेवून. ही एकच गोष्ट यायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि त्या काळात माल, कागद, जागा यांतलं मी काहीही बदललं नाही. रोज तेच शेंगदाणे, तोच खाकी कागद. मुलगा कंटाळला, आबा नाही कंटाळले.

मग डावीकडचं तोंड. इथवर ते मीच बंद करत होते. आता मी हात मागे घेतला आणि बोलले नाही. आबांनी दुमडी घातल्या, उजवं तोंड देखणं बंद केलं, दोरा फिरवला, हिसका मारला, पुडी उचलून माझ्यापुढे धरली. डाव्या तोंडातून शेंगदाणे टेबलावर आणि टेबलावरून फरशीवर घरंगळले. "हिला उघडली कुणी?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, "कुणीच नाही. बघा बरं." त्यांनी पुडी फिरवली. उघडं तोंड उजवीकडे आल्यावर त्यांना ते दिसलं. बराच वेळ ते पुडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी बांधलीच न्हाई ही बाजू." लकवा मारल्यापासून आपल्या हातून काही राहून गेलं असं त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी शंभर वेळा सांगून जे पटलं नसतं ते सांडलेल्या शेंगदाण्यांनी पटवलं.

पुढचे दिवस जड गेले. उणीव कळली की उमेद खचते, हे या आजारात नेहमी होतं आणि त्याची तयारी ठेवावी लागते. आबा बोलेनासे झाले. एक-दोनदा आलेच नाहीत, "बरं वाटत न्हाई" असा निरोप आला. मी त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, कारण लकव्यानंतरचं नैराश्य औषधाने आवरण्यासारखं असतं आणि ते अंगावर काढू नये. पायरी दोन घरं खाली आणली, हमखास जमेल तिथवर. आणि सूनबाईंना सांगून धाकट्या नातवाला बरोबर बोलावलं. आबांनी त्याला पुडी शिकवायची, स्वतः बांधायची नाही. दुसऱ्याला शिकवताना माणूस पूर्ण काम नजरेखालून घालतो. नातू डावं तोंड विसरला की आबा ओरडायचे, "डावीकडनं सांडंल रं!" त्यांच्याच तोंडून ते निघत होतं आणि त्यांच्याच कानांवर पडत होतं. काही दिवसांनी स्वतः बांधताना ते पुटपुटायला लागले, "डावीकडनं सांडंल." मला वेगळी खूण शोधावी लागली नाही.

याच दरम्यान मी पुन्हा गुण विचारले. दुकान किती जमतं? आबा म्हणाले, चार. मुलगा हबकला: "नवावरनं चार? म्हंजे बिघडलं की, मॅडम." या मापात दोन गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात, आणि इथे तर पाच गुण खाली आले होते. पण हात सुधारला होता, पुडी जवळजवळ पूर्ण होत होती. उतरला होता तो भ्रम. आबांचे चार गुण माझ्यासाठी पहिल्या नऊपेक्षा कितीतरी मोलाचे होते, कारण चारावरून पाचावर जायचं कसं हे आता आम्ही दोघं मिळून ठरवू शकत होतो. आकड्यांकडे नुसतं चढता की उतरता एवढंच पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

डावीकडे लक्ष नेण्यासाठी मी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. काम सुरू करायच्या आधी पट्टी शोधायची, तिथून उजवीकडे यायचं. कागद उजवीकडून समोर, समोरून डावीकडे, दर वेळी थोडाच. आणि एक गोष्ट मुद्दाम: पट्टीवर डावा हात ठेवायचा आणि बोटं हलवायची. अधू हात त्याच बाजूला हलला की त्या बाजूचं भानही जागं व्हायला मदत होते. उधारीच्या वहीतही हेच केलं. पानाच्या डाव्या समासावर लाल रेघ, तिच्यावर डाव्या हाताचं बोट, बोटापासून वाचायला सुरुवात. त्या दिवशी २४० हे दोनशे चाळीस झाले. मुलाने लगेच मागची पानं उलटून सगळे आकडे विचारायला सुरुवात केली. मी थांबवलं. तीन नावं पुरे. थकवा आला की आधी जातं ते डावीकडचं लक्ष, आणि लकव्यानंतर थकवा न सांगता येतो.

दुकानात उभं राहून बांधायची पायरी सोपी गेली, हे मला अनपेक्षित होतं. त्या काउंटरशी त्यांचं शरीर इतकी वर्षं उभं राहिलं होतं की माझ्या टेबलापेक्षा तिथे त्यांचा तोल चांगला होता. मागे उंच स्टूल ठेवलं, कागदाखाली रबरी चटई घातली म्हणजे तो सरकणार नाही. मग माल बदलला. तांदूळ, मग साखर. साखरेला डावं तोंड नुसतं दाबून भागत नाही, दाब तोलून धरावा लागतो. मोहरीपर्यंत पोचायला बराच काळ गेला. वर्तमानपत्राचा कागद मी शेवटी ठेवला होता, कारण कागद फाटण्याचा जुना अनुभव आबांच्या मनात बसला होता.

त्यानंतर गिऱ्हाईक. पहिलं गिऱ्हाईक सूनबाई, एकच जिन्नस, दुपारच्या निवांत वेळी. मग शेजारचे ओळखीचे, दोन जिन्नस. मग चिठ्ठी. मग तोंडी यादी: पावशेर शेंगदाणे, अर्धा किलो साखर, शंभर जिरं. पुडीत हात रमला की यादी विसरायची, यादी धरली की डावीकडचे डबे राहायचे. तुरीचा डबा सगळ्यात डावीकडे होता. आबा म्हणाले, तूर संपली. मुलगा डबा उजवीकडे हलवायला निघाला. डबा हलवणं हाही मार्ग आहे, आणि कधी कधी तोच बरोबर असतो: जी क्षमता परत येण्याची चिन्हं नाहीत तिथे जागा, वस्तू, पद्धत बदलून काम सुकर करायचं असतं. पण आबांची नजर अजून शिकत होती, वाढत होती. ती शिकत असेपर्यंत डबा जागचा हलवायचा नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याऐवजी डब्याच्या झाकणाला लाल कागद लावला. पुढे तो कागद काढला तेव्हाही तूर सापडत होती.

सगळं परत आलेलं नाही. डाव्या हाताची बोटं एकेकटी हलत नाहीत. वेलदोडे-लवंगांची चिमुकली पुडी आबा बांधत नाहीत, ती मुलगा बांधतो. गॅसच्या शेगडीला, चाकूला, गरम भांड्याला डावा हात लावायचा नाही, कारण त्याला चटका किंवा कापलेलं नीट कळत नाही. ही बंदी कायमची आहे. स्कूटर नाही. रबरी चटई आणि स्टूल राहणार. लाल पट्ट्यांतली काउंटरवरची काढली, वहीतली ठेवली. सकाळी दोन-अडीच तास दुकान त्यांचं, मग जेवण आणि झोप. मागच्या वेळी गुण विचारले तेव्हा जमण्याला सात दिले आणि समाधानाला सहा. "समाधान सहाच का?" मी विचारलं. "हिशेब पोरगा करतो," म्हणाले.

तेव्हा आता हिशेब. सध्या रात्री मुलगा दिवसभराच्या रकमा वहीत लिहितो, आबा बेरीज करतात आणि तो ताडून बघतो. पुढच्या आठवड्यापासून रकमाही आबांनी लिहायच्या, डावं बोट समासावर ठेवून. बेरीज ताडणं, बसायची जागा, दिवा, वेळ, पानावर किती ओळी, सगळं होतं तसंच ठेवायला मुलाला बजावलं आहे.